कावळ्याकडे बघायला लावणाऱ्या ताईंना

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं, म्हणून हे उघड पत्र. त्या सकाळी टेकडीवर "गरुड! गरुड!" असं ओरडून तुमच्यासमोरचे सगळे पक्षी उडवून लावणारी ती मी. आता आठवलं असेल.

तुम्ही वर पाहिलंत आणि शांतपणे विचारलंत, "त्याच्या मागे कोण लागलंय?" कावळा होता. "मग दोघांत मोठं कोण दिसतंय?" मी दुर्बीण लावली, काढली, परत लावली. कावळाच मोठा होता! माझा गरुड म्हणजे शिक्रा नावाचा छोटा शिकारी पक्षी निघाला, उणापुरा ३०-३५ सेंटीमीटरचा. मोकळ्या आभाळात शेजारी मापाला काही नसलं की नजर अशी फसते. तेव्हापासून कावळे कुणाला पिटाळताना दिसले की मी आधी कावळा बघते.

मग मी पिशवीतून पुस्तक काढलं आणि तुम्ही ते मिटायला लावलंत. खरं सांगते, राग आला होता. पण पुस्तकातले पक्षी फांदीवर निवांत बसलेले, छातीवरच्या रेघा मोजून घ्याव्यात असे. आणि डोक्यावर काय, तर उजेडाविरुद्ध एक काळी आकृती. तिचा रंग काय बघणार? तुम्ही माझ्या वहीच्या मागच्या पानावर पेन्सिलीने आकृत्या काढल्यात. ससाण्याचे टोकदार पंख. शिक्र्याचे आखूड, गोलसर पंख आणि लांब शेपूट. गरुडाचे फळीसारखे रुंद पंख, टोकाला बोटांसारखी पिसं फाकलेली. गवतावरून तरंगताना पंख वर उचलून धरणारा भोवत्या. ते पान अजून आहे, कडा जरा मऊ पडल्यात.

घारीने मात्र पुढेही छळलं. शेपटीला खाच म्हणजे घार, एवढं मी घोकून ठेवलेलं. पण तिने शेपूट पूर्ण फुलवली की खाच गायब होते, कड सरळ दिसते. महिनाभर माझ्या वहीत दर दोन दिवसांनी एक 'अनोळखी गरुड' येत होता! मग तुमचं बोलणं आठवलं, "अगं, लगेच नाव घेऊ नकोस, पाच मिनिटं बघ." तेवढ्यात घार कधीतरी शेपूट मिटतेच. शिवाय ती वळताना शेपूट सुकाणूसारखी डावी-उजवीकडे पिळत राहते. ती पिळण्याची लकब एकदा डोळ्यांत बसली, की खूप लांबची घारसुद्धा कळते आणि जे घार नाही ते लगेच खटकतं. रोजच्या घारी बघण्यात वेळ फुकट जातो असं मला वाटायचं, ते आता वाटत नाही.

खरूची आणि कापशी, दोघी छोट्या शिकारी पक्षीण, हवेत एका जागी फडफडत थांबतात, तिथेही मी आपटले. आता निदान पाठ विटकरी आहे की खांद्यावर काळा डाग आहे एवढं तरी बघते.

एक गोष्ट तुम्हाला कळलीही नसेल. तुमची वही वाऱ्याने उलगडली तेव्हा एकाच पानावर तीनदा 'ओळख पटली नाही' असं लिहिलेलं मला दिसलं. इतकं हायसं वाटलं म्हणून सांगू! तोवर मी प्रत्येक ठिपक्याला काहीतरी नाव चिकटवतच होते.

परवा ऊन तापल्यावर एक पक्षी बराच वेळ घिरट्या घालत वर चढत गेला. पंख रुंद, डोकं लहान, मान पुढे काढलेली, शेपटीवर पट्टे. घार नक्की नाही. आकृती काढली आहे, नावाची जागा कोरी ठेवली आहे. पुन्हा भेटलात तर आधी ती दाखवीन. शेपूट जरा आखूड काढली गेली आहे, तेवढं सांभाळून घ्या.

आपली,
गरुडवाली