गटारावरची फरशी माझ्या नवऱ्याच्या नावाची होती

मा. मंत्री महोदय,
सविनय नमस्कार.

गेल्या मंगळवारी आपण आमच्या गावच्या शहीद स्मृती उद्यानात ओपन जिमचे उद्घाटन करून गेलात. मी दुसऱ्या रांगेत होते. माझे नाव पुकारले, आपण मला शाल आणि नारळ दिलात, फोटो झाला. वेळात वेळ काढून आलात त्याबद्दल आभार. त्या गर्दीत मला बोलता आले नाही, म्हणून लिहिते आहे. आधीचे तीन अर्ज आपल्यापर्यंत पोचले नसावेत, म्हणून सगळ्यांसमोर लिहिते आहे.

बुधवारी पहाटे साडेपाचला मी नेहमीसारखी उद्यानात फिरायला गेले. गावच्या दहाबारा बायका रोज तिथे चालतो. चारशे मीटरची गट्टू बसवलेली वाट आहे, कडेला सात काळे दगड. गावातले सात जवान वेगवेगळ्या साली, वेगवेगळ्या ठिकाणी गेले, त्यांच्या नावाचे. चौथा दगड माझ्या ह्यांचा. मी त्याच्यापाशी थांबते, हात लावते आणि पुढे जाते, इतकेच. बुधवारी तिथे नुसता खड्डा होता.

आधी वाटले, दुरुस्तीला नेला असेल. दगडावरचा मजकूर चुकला आहे असे मी २०१९ पासून सांगत होते, शेवटी कोणी ऐकले वाटते. परत येताना फाटकाजवळच्या गटारावर एक लांब फरशी टाकलेली दिसली. तिच्यावर टायरचे चिखलाचे पट्टे होते. मी खाली बसले आणि कडेच्या फटीतून आत हात घातला. गाळात बोटांना अक्षरे लागली.

आपल्या गाड्या आत वळाव्यात म्हणून तो दगड उपटून गटारावर पालथा टाकला होता, साहेब. चौदा गाड्या होत्या. मी स्वतः मोजल्या होत्या, कार्यक्रम दोन तास उशिरा सुरू झाला म्हणून मोजायला वेळ मिळाला. चौदा गाड्या आत गेल्या आणि चौदा बाहेर पडल्या. मधल्या वेळात आत मांडवात माझ्या खांद्यावर शाल पडत होती.

हे आपल्याला माहीत नव्हते, हे मी मान्य करते. कोणी केले ते मी विचारले. ठेकेदाराचा माणूस म्हणाला, वरून सांगितले. वरच्याने सांगितले, आम्ही फक्त रस्ता करा म्हणालो. ग्रामपंचायतीत म्हणाले, उद्यान अजून आमच्या ताब्यात दिलेले नाही. ज्या खात्याने बांधले त्यांच्याकडे गेले, तर ते म्हणाले काम पूर्ण झाले, आता आमचा संबंध नाही. म्हणजे तो दगड कोणाचाच नाही. उद्घाटनाच्या कोनशिलेवर मात्र अकरा नावे आहेत. सात जवान गेले त्यांची सात आणि फीत कापताना हजर होते त्यांची अकरा. कोनशिलेला कोणी पहार लावली नाही.

आता मला थोडे मागचे सांगू द्या, कारण दगड म्हणजे आमच्यासाठी काय, हे मला तुमच्या मांडवात कोणी विचारले नाही.

ऑगस्ट २००१. कुपवाड्याला चकमक झाली. मी तेवीस वर्षांची, मुलगा दीड वर्षाचा. गावात फोन एकच होता, किराणा दुकानात. दुकानदार पळत आला आणि मामंजींना बाजूला घेऊन गेला. तिसऱ्या दिवशी पावसात पेटी आली. पलटणीचे लोक आले, बंदुकीच्या फैरी झाल्या, सगळा तालुका लोटला होता. ‘अमर रहे’च्या घोषणा अजून कानात आहेत. मी म्हणाले मला तोंड बघू द्या. सोबत आलेल्या सुभेदार साहेबांनी हात जोडले, म्हणाले, वहिनी, नका बघू. पेटी उघडली नाही. नदीकाठी अग्नी दिला, राख त्याच पाण्यात गेली.

मी माझ्या माणसाचे शेवटचे तोंड पाहिलेले नाही. त्यानंतर हात लावायला म्हणून काही उरले असेल तर तो दगड. आत्याबाईंना लिहिता-वाचता येत नव्हते. उद्यान झाल्यावर त्या काठी टेकत यायच्या आणि मला विचारायच्या, ‘माझ्या लेकाची वळ कुठली गं?’ मी त्यांचे बोट धरून दुसऱ्या ओळीवर फिरवायची. पुढे पुढे त्यांना ती ओळ पाठ झाली. बोटाने वाचायच्या. २०२० साली त्या गेल्या.

दगडावर चूक होती हे मी त्यांना कधी सांगितले नाही. ह्यांचा हुद्दा नाईकाचा होता, शिपायाच्या वरचा, दगडावर शिपाई लिहिले आणि मरणाचे सालही चुकवले. नाईकाच्या दोन फिती मिळाल्या तेव्हा ह्यांनी घरी पत्र पाठवले होते, ते माझ्याकडे आहे. त्या फितींसाठी माणूस किती राबतो ते फौजेतल्या घरांना विचारा. पलटणीचे पत्र जोडून मी तीन अर्ज केले. पहिल्याची पोच मिळाली. दुसऱ्याला पोचही नाही. तिसऱ्या वेळी टेबलावरच्या माणसाने मान वर न करता विचारले, ‘बाई, एका शब्दानं काय फरक पडतो?’ मी त्याला तिथेच उत्तर द्यायला हवे होते. पायऱ्या उतरून एसटी स्टँडवर आल्यावर रडले.

आमच्या गावाला हे नवे नाही. मारुतीच्या देवळाच्या भिंतीत इंग्रजांच्या काळातली एक पाटी आहे. १९१४ ते १९१९च्या महायुद्धाला या गावातून ३८ माणसे गेली, त्यांतली ५ मेली, एवढेच तिच्यावर आहे. नाव एकाचेही नाही. अशा पाट्या आपल्याकडे गावोगाव सापडतील. आमच्या घराण्यातला एकजण त्या ३८ जणांत होता, ‘बसऱ्याच्या लढाईला’ गेलेला. मराठा पलटणी तिकडे, आजच्या इराकमध्ये, कुतच्या वेढ्यात अडकल्या होत्या, एप्रिल १९१६ मध्ये उपासमारीने शरण जावे लागले. तो परत आला की पाचांत गेला, हे आज घरात कोणाला सांगता येत नाही, कारण पाटीवर आकडा आहे, माणूस नाही.

माझा मुलगा पुण्यात स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो. त्याने मला सांगितले की ब्रिटिशांच्या ज्या आयोगाकडे युद्धातल्या कबरींचे काम आहे, त्याने २०२१ साली स्वतःच चौकशी करून कबूल केले, की पहिल्या महायुद्धातल्या निदान १ लाख १६ हजार माणसांची नावे कुठेच कोरलेली नाहीत आणि त्यांत बहुतेक पूर्व आफ्रिकेतली आणि इजिप्तमधली माणसे आहेत. आयोगाने जाहीर माफी मागितली. शंभर वर्षांनी मागितली, पण मागितली. आमचे राज्य आले, आमच्या लोकांनी नावे कोरली आणि ती गटारावर पालथी घातली, याची माफी कोण मागणार? त्यालाही शंभर वर्षे लागणार असतील तर तसे कळवा, म्हणजे नातवंडांना सांगून ठेवते.

त्याच आयोगाची दफनभूमी खडकीला आहे. मुलाने मला तिथे नेले होते. दुसऱ्या महायुद्धातल्या १,६६८ कबरी आहेत. गवत कापलेले, प्रत्येक दगडापाशी फुलझाड, साधा शिपाई असो की अधिकारी, दगड एकाच मापाचा. ज्यांचे कोणी नातेवाईक समुद्र ओलांडून येणार नाहीत अशा माणसांसाठी तिथे रोज माळी येतो. आमच्या उद्यानातल्या सातही जवानांची कुटुंबे त्याच गावात राहतात आणि उद्यानाला माळी नाही.

२०२२ साली मुलाने दिल्लीला नेले. राष्ट्रीय युद्ध स्मारकात त्यागचक्रात ग्रॅनाइटच्या विटांवर पंचवीस हजारांहून जास्त नावे आहेत. यंत्रावर नाव टाकले की कुठल्या भिंतीत ते दाखवते. ह्यांचे नाव सापडले. तिथे नाईक लिहिले आहे, साहेब. दिल्लीला बरोबर लिहिता आले. रोज सूर्यास्ताला कोणत्या तरी एका जवानाच्या घरच्या माणसाच्या हातून तिथे पुष्पचक्र वाहतात, ते पाहिले आणि मी पायरीवर बसून राहिले. पण मी रोज दिल्लीला जाऊ शकत नाही. माझी पहाट गावात होते.

माझ्या नणंदेची मुलगी अमेरिकेत व्हर्जिनियात असते. तिथे मरीन दलाचे संग्रहालय आहे आणि त्याला लागून स्मृती उद्यान. तिने चालत चालत व्हिडिओ काढून पाठवला होता. दाट झाडीतून वळणे घेत जाणारी वाट, वळणावळणावर एकेका तुकडीचे, पडलेल्या सैनिकांचे दगड, पायाखालच्या विटांवर लोकांनी कोरून घेतलेली नावे, बसायला बाकडी. व्हिडिओच्या शेवटी ती म्हणाली, ‘मामी, मला मामाचा दगड आठवला.’ मी तिला लगेच आपल्या वाटेचा फोटो पाठवला होता, अभिमानाने. तेव्हा गट्टू नवे होते. आज ती म्हणाली की दाखव पुन्हा, तर काय दाखवू?

लांबचे सोडा. यशवंत घाडगे रायगडचे, मराठा पलटणीतले नाईक. ह्यांच्यासारखेच नाईक. १० जुलै १९४४ ला इटलीत एकटे मशीनगनच्या ठाण्यावर चालून गेले आणि तिथेच पडले. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस, ब्रिटिशांचे सर्वांत मोठे शौर्यपदक, मिळाले. जुलै २०२३ मध्ये इटलीतल्या मोंतोने गावाने त्यांचे स्मारक उभे केले, सूर्यघड्याळाच्या रूपातले. ऐंशी वर्षांनी! त्या लोकांचे आणि त्यांचे ना रक्ताचे नाते, ना भाषेचे. मतही मागायचे नव्हते.

मला राग कशाचा आहे ते आता स्पष्टच सांगते. तुम्हा लोकांना बांधायला पैसे मिळतात, राखायला मिळत नाहीत. फलकावर खर्च ३८ लाख लिहिला आहे. आमच्या गावच्या गवंड्याने वाट आणि दगड बघून सांगितले की यात अठराच्या वर काही दिसत नाही. त्याचा हिशोब चुकतही असेल, पण मग तुमचा दाखवा. पहिल्याच पावसाळ्यात गट्टू खचले. हायमास्ट दिवा दोन वर्षे बंद आहे, परवा तुमच्यासाठी लागला आणि तुम्ही गेल्यावर परत गेला. पुढच्या वर्षी कोणीतरी आणखी काही बांधेल, कारंजे किंवा सेल्फी पॉइंट, आणि परत कोनशिला बसेल. झाडलोट करायला माणूस ठेवला तर कोनशिला बसवता येत नाही, म्हणून तो ठेवला जात नाही.

आणि हे फक्त दगडाचे नाही. शेतजमिनीसाठी मी अर्ज केला त्याला नऊ वर्षे झाली. दर वेळी एकच कागद नव्याने मागतात, ह्यांच्या मृत्यूचा दाखला. आता किती वेळा सिद्ध करू की माझा नवरा मेला? हयातीचा दाखलाही दर वर्षी द्यावा लागतो, मी जिवंत आहे म्हणून. ह्यांचे मरण आणि माझे जगणे दोन्ही मीच शाबीत करायचे. बाहेर फ्लेक्सवर आमच्या माणसांचे फोटो लावता, तुमच्या फोटोपेक्षा लहान, आणि खिडकीवर आम्हाला उभे करता. निवडणुकीच्या वर्षात मला चार शाली मिळाल्या, त्यानंतरच्या दोन वर्षांत परवापर्यंत एकही नाही. मुलगा म्हणतो, परीक्षा पास झालो की त्याच खुर्चीत बसून तुझी फाईल काढीन. परीक्षाच पुढे ढकलतात. वयाची अट मात्र पुढे ढकलत नाहीत.

आता मागणे. ह्यांच्या नावाचा दगड नवा करा, नाईक लिहा, साल २००१ लिहा. सातही दगड पक्क्या चौथऱ्यात बसवा. आणि उद्यान कोणाच्या ताब्यात आहे ते एका कागदावर, माणसाच्या नावासकट, लिहून द्या. दगड हलला तर मी कोणाच्या दारात जायचे, ते मला कळले पाहिजे. रोज झाडणारा एक माणूस आणि त्याचा पगार कुठून येणार, तेही त्याच कागदावर असू द्या. ओपन जिमला गावाची ना नाही, पोरे व्यायाम करतील, भरतीला जातील. त्यांतलाच एखादा उद्या आठवा दगड होईल, हे लक्षात ठेवून करा.

दगड आता गटारावर नाही. बुधवारी आम्ही नऊ बायकांनी आणि दोन पोरांनी पहारीने तो उचलला, खाली गोणपाट घालून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून घरी आणला. एका कोपऱ्याला टवका गेला आहे, बाकी शाबूत आहे. मी तो धुतला. दुसरी ओळ नीट वाचता येते.

तो माझ्या ओसरीवर उभा आहे. काल एक माणूस न्यायला आला होता, म्हणाला साहेबांचा निरोप आहे, विषय वाढवू नका. त्याला चहा दिला आणि परत पाठवला. पुन्हा कोणाला पाठवाल तेव्हा वर मागितलेला कागद, सही-शिक्क्याचा, त्याच्या हातात द्या. कागद मिळेपर्यंत दगड इथून हलणार नाही.

आपली,
एक वीरपत्नी