दडे सुटले म्हणजे कान वाचला असे नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जन्मतः बहिऱ्या मुलांवरच्या जनुकोपचाराचा लेख आपल्या रविवारच्या पुरवणीत वाचला. शांघायच्या फुदान विद्यापीठाच्या रुग्णालयात सहा मुलांच्या कानांत निरोगी जनुक पोचवले आणि त्यांतल्या पाच जणांना ऐकू येऊ लागले, हे जानेवारी २०२४ मध्ये ‘लॅन्सेट’ने छापले. पुढे अमेरिकेत आणि ब्रिटनमध्येही असे उपचार यशस्वी झाले. आनंदाचीच गोष्ट आहे. मी कराडमध्ये ऑडिओलॉजिस्ट आहे. लेख आल्यापासून ‘आमच्या वडिलांना हे इंजेक्शन मिळेल का?’ असे विचारणारे फोन येत आहेत आणि नाही म्हणताना वाईट वाटते. हा उपचार एकाच जनुकाच्या दोषावर चालतो आणि आनुवंशिक बहिरेपण असलेल्या शंभर मुलांत तो दोष असणारी मुले हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच निघतात. म्हातारपणाने, आवाजाने किंवा कान वाहून आलेले बहिरेपण यात बसत नाही.

पण पत्र लिहायला बसले ते एवढ्यासाठी नाही. त्या मुलांच्या कानातली जी जागा शास्त्रज्ञांनी इतक्या कष्टाने दुरुस्त केली, तीच जागा धडधाकट पोरांच्या कानात आपण दरवर्षी मिरवणुकीत मोडत असू, असा संशय घ्यायला आधार आहे. लेखात त्याचा उल्लेख नव्हता आणि गणपती तोंडावर आले आहेत.

थोडे तपशिलात सांगते. आतल्या कानाच्या शंखात आवाज टिपणाऱ्या सुमारे पंधरा हजार केशपेशी असतात. मेंदूकडे निरोप धाडण्याचे मुख्य काम त्यांतल्या आतल्या ओळीतल्या साडेतीन हजार पेशी करतात. अशा प्रत्येक पेशीच्या बुडाशी श्रवणनसेचे दहा-वीस तंतू येऊन टेकतात. टेकतात म्हणजे चिकटत नाहीत, मध्ये सूक्ष्म फट असते. पेशी त्या फटीत रसायन सोडते आणि पलीकडचा तंतू ते टिपतो. या सांध्याला चेतासंधी म्हणतात. शांघायच्या मुलांत केशपेशी ठीक होत्या, नसही ठीक होती. रसायन सोडायला लागणारे ओटोफर्लिन नावाचे प्रथिन तेवढे बनत नव्हते, म्हणून पेशी हलायची पण निरोप पुढे जायचा नाही. या प्रथिनाचे जनुक इतके लांबलचक आहे की ते पेशीत वाहून नेणाऱ्या एका विषाणूत मावत नाही. त्याचे दोन तुकडे करून दोन विषाणूंतून पाठवावे लागतात आणि पेशीत पोचल्यावर ते एकमेकांना जुळावे लागतात. एवढा सगळा खटाटोप त्या एका फटीसाठी.

जाता जाता पालकांसाठी एक गोष्ट. नवजात बाळाची जी ओएई चाचणी करतात, ती अशी मुले बहुधा पास होतात, कारण ती बाहेरच्या ओळींतल्या केशपेशींचा प्रतिसाद पाहते. सांध्याचे तिला काही कळत नाही. म्हणून कागदावर ‘पास’ असूनही बाळ हाकेला वळत नसेल तर बेरा (निरोप नसेतून मेंदूकडे पोचतो का, हे पाहणारी चाचणी) करून घ्या. ‘याचा काकाही उशिराच बोलला होता’ या वाक्यावर दोन-दोन वर्षे काढलेली घरे मी पाहते.

आता त्याच सांध्याची दुसरी हकीगत. बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स आय अँड इअर या रुग्णालयातल्या शॅरन कुजावा आणि चार्ल्स लिबरमन यांनी २००९ मध्ये उंदरांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. (शांघायच्या उपचारात सहभागी असलेले झेंग-यी चेन हेही याच संस्थेतले.) उंदरांना १०० डेसिबलचा आवाज दोन तास ऐकवला. त्यांचे ऐकणे मंदावले आणि दोन आठवड्यांत पूर्ववत झाले. केशपेशी सगळ्या जागच्या जागी. तोवरच्या समजुतीप्रमाणे प्रकरण इथेच मिटायला हवे होते. पण या दोघांनी सूक्ष्मदर्शकाखाली सांधे मोजले, तर तीव्र स्वर टिपणाऱ्या भागातले जवळजवळ निम्मे सांधे नाहीसे झालेले होते आणि ते काही परत आले नाहीत. तिथल्या नसेच्या पेशी पुढे कित्येक महिने एकेक करून मरत राहिल्या.

मग त्या उंदरांची चाचणी चांगली कशी आली? शांत खोलीत बारीकसा ‘टूं’ ऐकायला थोडे तंतू पुरतात म्हणून. चिंचिला नावाच्या प्राण्यावरचा प्रयोग तर थक्क करणारा आहे. औषध देऊन त्याच्या आतल्या ओळीतल्या ऐंशी टक्क्यांपर्यंत केशपेशी मारल्या, तरी शांततेतली चाचणी जवळपास नॉर्मल. मागे गोंगाट सोडला तेव्हा कुठे बिंग फुटले. घरच्या चौघांना वाढायला एक वाढपी पुरतो, लग्नाच्या पंगतीला पुरत नाही, तसे हे. गलक्यातून एकाचे बोलणे वेगळे काढायला जे तंतू लागतात, तेच मोठ्या आवाजात आधी जातात, असे प्राण्यांवरचे प्रयोग सांगतात.

माझ्याकडे एक मुलगा येतो. वय पंचविशीतले, वर्षभर वडापावचा गाडा आणि सीझनला डॉल्बीवर ऑपरेटर. बूथमध्ये बसला, कानाला हेडफोन लावले, हातात बटण दिले. प्रत्येक ‘टूं’ला त्याने न चुकता बटण दाबले. ऑडिओग्रामवर, म्हणजे चाचणीच्या आलेखावर, दोन्ही कानांच्या खुणा अगदी वरच्या रेघांत, म्हणजे उत्तम. कागद हातात घेऊन तो म्हणाला, “मॅडम, मशीन बरोबर आहे न्हवं? गाड्याला चार गिऱ्हाइकं लागली की कोण काय मागतंय कळत न्हाई. आन् रातच्याला कानात रातकिडं.” त्या कागदावर मी ‘श्रवणक्षमता सर्वसाधारण’ असेच लिहिले, कारण दुसरे काही लिहायची सोय त्या चाचणीत नाही. आपल्याकडची ही रोजची चाचणी शांततेत सगळ्यात बारीक काय ऐकू येते एवढेच विचारते. एस.टी. स्टँडवर ऐकू येते का, हे ती विचारतच नाही.

त्याच्या कानातले सांधे गेलेत, असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही. जिवंत माणसाच्या कानातले सांधे मोजता येत नाहीत आणि या विषयावर संशोधकांत एकमतही नाही. माकडांचे कान उंदरांपेक्षा बरेच चिवट निघाले. तात्पुरता बहिरेपणा आणणाऱ्या आवाजाने त्यांचे सांधे उंदरांसारखे गेले नाहीत. मँचेस्टरमध्ये १८ ते ३६ वयाच्या, चाचणी नॉर्मल असलेल्या १२६ जणांना तपासले (२०१७), त्यांत आयुष्यभर ऐकलेल्या मोठ्या आवाजाचा असा छुपा परिणाम सापडला नाही. डॉल्बीचे समर्थक हा अभ्यास दाखवतील, त्यांनी जरूर दाखवावा. पण लिबरमन यांच्याच गटाने मृत्यूनंतर तपासलेल्या मानवी कानांत वयाबरोबर श्रवणनसेच्या तंतूंची मोठी गळती आढळली, केशपेशी बऱ्यापैकी शिल्लक असतानाही. आणि ज्यांनी आयुष्य गोंगाटात काढले त्यांच्यात ती जास्त होती (२०२१). त्याच रुग्णालयाच्या २०२३ मधल्या अभ्यासात, ऑडिओग्राम नॉर्मल असूनही कानात सतत आवाज येणाऱ्या लोकांत श्रवणनसेचा प्रतिसाद क्षीण दिसला. रातकिड्यांची तक्रार करणाऱ्या प्रत्येक नॉर्मल ऑडिओग्रामकडे मी आता वेगळ्या नजरेने पाहते. माझे मत विचाराल तर पुरावा पुरा नाही, पण मिरवणुकीत लेकराला खांद्यावर घेऊन बेसच्या पेट्यांसमोर उभे राहण्याइतका तो कच्चाही नाही.

आपल्या कारखान्यांसाठीच्या नियमांत ९० डेसिबलला आठ तास आणि १०० डेसिबलला दोन तास अशी मर्यादा आहे. १०० डेसिबल, दोन तास. कुजावा-लिबरमनच्या उंदरांनाही हाच डोस होता. (उंदरांना ऐकवलेला आवाज तीव्र स्वरांचा होता आणि माणूस म्हणजे उंदीर नव्हे, तेव्हा तुलना मर्यादेत घ्यावी.) अशा मर्यादा ठरतात त्या ऑडिओग्राम किती बिघडतो यावरून. सांध्यांचा हिशेब त्यांत कधी धरलाच गेला नाही. जागतिक आरोग्य संघटनेचे माप अधिक कडक आहे: ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास आणि दर तीन डेसिबलला वेळ निम्मी. त्या हिशेबाने १०० डेसिबलला आठवड्याचा सगळा कोटा वीसेक मिनिटांत संपतो. डॉल्बीच्या भिंतीसमोर वीस मिनिटांत मिरवणूक एक चौकही ओलांडत नाही.

आणि आपले वाद मात्र सगळे घड्याळाचे. दहाला बंद की बाराला, यंदा सवलतीचे दिवस किती, यावरच बैठका रंगतात. झोपेसाठी, आजाऱ्यांसाठी ती वेळ महत्त्वाची आहेच. पण कान घड्याळ पाहत नाही, दुपारी चारचे १०५ डेसिबल त्याला रात्री अकराइतकेच लागतात. ध्वनिप्रदूषण नियम २००० साली आले, निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ ही मर्यादा तेव्हापासून कागदावर आहे. ती मिरवणुकीत पाळली जाईल असे मानण्याइतकी मी भोळी नाही. गणपतीच कशाला, हळदीला, जयंतीला, निवडणुकीच्या गुलालालाही तीच भिंत असते.

म्हणून बंदीची जुनीच मागणी पुन्हा करत बसत नाही. सगळ्यात जास्त वेळ जे भिंतीजवळ असतात, त्यांचे तरी पाहा: ऑपरेटर, ट्रॅक्टरचे चालक, ढोल-ताशा पथकातली शाळकरी मुले-मुली आणि दहा-बारा तास चौकात उभे असलेले पोलीस. यांना फोमचे बोळे द्या आणि घालायचे कसे ते शिकवा. बोळा बोटांत वळून बारीक करायचा, दुसऱ्या हाताने कानाचा वरचा भाग धरून वर-मागे ओढायचा, आत सरकवायचा आणि फुगेपर्यंत बोट धरून ठेवायचे. नुसता कानाच्या तोंडाशी टेकवला तर काही उपयोग नाही. कापसाने तर जेमतेम समाधान होते. पथकांच्या सरावाला हे सक्तीचे करता येईल, तिथे कोणाच्या भावना दुखावत नाहीत. मिरवणुकीत बसलेले दडे दुसऱ्या दिवशीही सुटले नाहीत किंवा एका कानाचे ऐकणे अचानक गेले, तर कानात तेल ओतू नका, त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. अशा वेळी औषधाला फार थोडे दिवस हातात असतात.

दुसरी मागणी आमच्याच क्षेत्राकडे. गोंगाटात बोलणे किती समजते, याची मराठी वाक्यांवरची चाचणी निदान प्रत्येक जिल्हा रुग्णालयात मिळायला हवी. वांद्र्याला वाक् आणि श्रवणदोषांसाठीची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, तिने यात पुढाकार घ्यावा. माझ्या वडापाववाल्याला साताऱ्यातच ‘तुझी तक्रार खरी आहे’ एवढे कागदावर लिहून मिळाले तरी खूप झाले.

आणि शेवटी आमच्या शांतता समितीला एक विनंती, आपल्या दैनिकामार्फत. यंदा बंदोबस्तावर असणाऱ्या पोलिसांपैकी जे तयार असतील त्यांची तपासणी विसर्जनाच्या आधी, दुसऱ्या दिवशी आणि महिन्याने अशी तीनदा करून द्यायला मी तयार आहे, पैसे न घेता. बूथ माझा, मशीन माझे. वरिष्ठांनी त्यांना तेवढ्यापुरते ड्युटीवरून सोडावे आणि आकडे नावे वगळून जाहीर करू द्यावेत.

आपली नम्र,
एक ऑडिओलॉजिस्ट,
कराड, जि. सातारा