विषय : तिसऱ्या मजल्यावरच्या कॅमेऱ्याबाबत (पत्र चौथे)

प्रति,
मा. अध्यक्ष, व्यवस्थापन समिती

स.न.वि.वि.

आधीच्या तिन्ही पत्रांची पोच माझ्याकडे आहे. उत्तर एकाचंही आलेलं नाही.

मंगळवारी लिफ्टमध्ये ४०२चे काका माझ्या मुलीला म्हणाले, "काल अकरा वीसला आलीस, एवढा उशीर का गं?" ती आली तेव्हा जिन्यात चिटपाखरूही नव्हतं. होता तो फक्त कॅमेरा. आमचं दार उघडलं की त्यात हॉलमधला सोफासुद्धा दिसतो. वॉचमनच्या केबिनमधल्या स्क्रीनवर मी स्वतः पाहिलंय.

काका समितीवर नाहीत. कॅमेरे बसवताना ते वायरमनबरोबर उभे होते, तेव्हा त्यांच्या मोबाइलवर कॅमेरे बघायचं ॲप टाकलं गेलं ते आजतागायत आहे. कॅमेऱ्यांचा पासवर्ड कंपनीने दिलेला मूळचाच, तोही केबिनच्या भिंतीवर पेनने लिहिलेला. बाहेरून बघता यावं म्हणून राउटरचा पोर्ट, म्हणजे इंटरनेटवरून आत यायची वाट, सताड उघडा. २०१६ साली 'मिराई' नावाच्या घातक सॉफ्टवेअरने असेच मूळ पासवर्ड वापरून लाखो कॅमेरे, त्यांचे रेकॉर्डर (डीव्हीआर) आणि राउटर ताब्यात घेतले होते. हे मी सभेत सांगितलं तेव्हा "आपल्याकडे कोण येतंय?" असं उत्तर मिळालं.

आणि गरजेच्या वेळी? माझी सायकल गेली, आठव्या दिवशी रेकॉर्डिंग मागितलं, तर पुसलं गेलेलं. एक कॅमेरा ४ एमबीपीएसने (सेकंदाला ४ मेगाबिट) दिवसाला सुमारे ४३ जीबी खातो, आठ मिळून ३४५. आपली २ टीबीची डिस्क सहा दिवसांत भरते आणि जुनं पुसत जाते. सभेच्या इतिवृत्तात मात्र ३० दिवस लिहिलेत. तो ठराव आपणच वाचून दाखवला होता.

खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी सांगितलंय. ३०१ आणि २०३च्या वहिनींचंही माझ्यासारखंच मत आहे, फक्त सही करायला त्या कचरतात.

रविवारपर्यंत पासवर्ड माझ्यासमोर बदलावा, पोर्ट बंद करावा, काकांच्या मोबाइलवरचं ॲप काढावं आणि कॅमेरा जिन्याकडे वळवावा. नाहीतर हेच पत्र उपनिबंधकांकडे जाईल. तोवर त्या कॅमेऱ्यावर मी टॉवेल टाकला आहे. काढायला कुणी आलं तर आधी आमची बेल वाजवावी.

आपला,
सभासद, फ्लॅट क्र. ३०२