एसटीपीचे आकडे पण रोज छापा

मा. संपादक साहेब,

सांडपाणी शुद्ध करणाऱ्या प्लांटची (एसटीपीची) बातमी पेपरात येते ती एकतर उद्घाटनाची नाहीतर नदीत मासे मेल्याची. मधल्या सगळ्या काळात प्लांट चालू आहे का बंद हे कुणीच विचारत नाही, म्हणून हे पत्र.

समुद्रापासून लांब असलेल्या मध्यम शहराचं सगळं मैलापाणी एखाद्या लहान नदीत जातं आणि बऱ्याचदा तीच नदी पुढच्या गावाचं पिण्याचं पाणी असते. ब्रिटनच्या सांडपाण्यावरच्या रॉयल कमिशनने 1912 साली ठरवलं होतं की सोडलेल्या पाण्यात लिटरला बीओडी (पाण्यातली घाण कुजवायला जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन, म्हणजेच घाणीचं माप) 20 आणि न विरघळलेले कण 30 मिलिग्रॅमपेक्षा जास्त नकोत, पण त्यामागे एक गोष्ट गृहीत धरली होती, ती म्हणजे नदीत त्या सांडपाण्याच्या किमान 8 पट स्वच्छ पाणी असेल. उन्हाळ्यात लहान नदीत कुठून येणार 8 पट पाणी? कित्येकदा नदीत जे वाहत असतं ते मुळात प्लांटमधूनच आलेलं असतं!

आणि प्लांट म्हणजे नुसत्या टाक्या नव्हेत. जाळी लावून, गाळ खाली बसवून साधारण एक तृतीयांशच बीओडी कमी होतो, बाकीचं काम जिवाणू करतात, 1914 साली मँचेस्टरमध्ये अर्डर्न आणि लॉकेट यांनी मांडलेली ही पद्धत अजून जगभर चालते. पण या जिवाणूंना हवा लागते, टाकीत लिटरला साधारण 2 मिलिग्रॅम ऑक्सिजन टिकवावा लागतो, आणि ती हवा देण्यातच प्लांटची जवळपास निम्मी वीज जाते, मग बिल कमी करायचं म्हटलं की पहिला ब्लोअर, म्हणजे हवा सोडणारा पंखा, बंद. त्यातले मैलापाण्यातला अमोनिया खाणारे जिवाणू फार हळू वाढतात, ते एकदा मेले की परत जम बसायला आठवडे लागतात, म्हणजे वाचवलेली वीज नदीच्या जिवावर वाचवलेली असते. रात्रपाळीच्या ऑपरेटरला यात दोष देऊ नका, स्पेअर मोटर आणि डिझेल मंजूर करणं त्याच्या हातात नसतं.

म्हणून माझी मागणी आहे की हवामानाच्या चौकटीशेजारी प्लांटचे आकडे छापा. फक्त बीओडी छापून उपयोग नाही, त्याच्या टेस्टलाच 5 दिवस लागतात आणि तोवर ते पाणी कुठल्या कुठे गेलेलं असतं. रोज द्यायचं ते असं: ब्लोअर किती तास चालले, टाकीत ऑक्सिजन किती होता, बाहेर पडणाऱ्या पाण्यात अमोनिया किती, आणि प्लांटवर एकूण किती पाणी पोचलं. हा शेवटचा आकडा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण शहराला पुरवलेल्या पाण्यापैकी साधारण 80 टक्के सांडपाणी होऊन परत येतं असं धरतात, मग प्लांटवर त्याच्या निम्मंच पोचत असेल तर बाकीचं नाल्यातून थेट नदीत चाललंय हे कुणालाही गणित करून कळेल, आणि नवीन प्लांट बांधण्याआधी घरं ड्रेनेज लाइनला जोडा असं लोक ठणकावून सांगू शकतील.

नगरपालिकेने ज्या दिवशी आकडे दिले नाहीत त्या दिवशी ती चौकट काढू नका, तिथे "आज आकडे मिळाले नाहीत" एवढं छापा.

आपला,
एक नियमित वाचक