मुलींना गावातच मार्गदर्शक हवी

माननीय संपादक,

जळगाव जिल्ह्यातील रावेर-यावल पट्ट्यात दहावीनंतर मुलीचे शिक्षण सुटते ते केवळ पैशांअभावी नव्हे. एसटीचा मोफत पास हाती असूनही कॉलेजचा अर्ज कसा भरावा, घरात स्थळाची बोलणी निघाल्यास वडिलांना काय सांगावे, हे समजावणारे जवळ कोणी नसते. गावातील पदवीधर सुना, शिक्षिका व आशाताई यांनी आठवड्यातून एकदा किशोरींना ग्रामपंचायतीत एकत्र बसवावे, असे मला कळकळीने वाटते. तिथे भाषणे नकोत, सराव हवा: बँकेची स्लिप भरणे, चारचौघांत उभे राहून बोलणे, १०९८ या बालमदत क्रमांकावर मदत मागणे. ओढणीचे टोक चाळवत गप्प बसणारी मुलगी अशा सरावाने ग्रामसभेत प्रश्न विचारू लागलेली मी पाहिली आहे. कापूस वेचणीच्या दिवसांत मात्र ही बैठक सायंकाळीच ठेवावी.

– एक वाचक, यावल