तीन दिवस वाढवून घे

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेलं नेपाळमधल्या आयलंड पीक शिखराचं वेळापत्रक नकाशा पुढ्यात घेऊन वाचलं. तू जाणार याचा मला किती आनंद झालाय ते फोनवर बोललोच आहे. हे पत्र एकाच मागणीसाठी लिहितोय. यात तीन दिवस वाढवून घे. एक दिंगबोचेला, एक छुकुंगला आणि एक शिखराच्या दिवसापाठी राखीव.

आकडेच बघ. नामचे ३४४० मीटरवर आहे. तिथे दोन रात्री ठेवल्यात, ते उत्तम. पण पुढे तेंगबोचे ३८७०, दिंगबोचे ४४१०, छुकुंग ४७३० आणि बेस कॅम्प साधारण ५१००, असे चार मुक्काम एकामागोमाग एक. आणि बेस कॅम्पला पोचल्यावर त्याच रात्री एक-दोन वाजता उठून ६१८९ मीटरच्या माथ्याकडे निघायचं. ३००० मीटरच्या वर झोपायची उंची रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी त्याच उंचीवर आणखी एक रात्र काढावी, असं उंचीवरचे डॉक्टर सांगतात. तुझ्या कागदावर नामचे सोडलं की अशी दुसरी रात्र कुठेच नाही.

तुझी तयारी चांगली आहे, हे मला ठाऊक आहे. दर रविवारी आतकरवाडीतून पाठीवर वजन घेऊन सिंहगड चढतेस, हे सोपं नाही. पण सह्याद्री पाय घडवतो, दम वाढवतो. उंचीची सवय तो लावू शकत नाही. आपल्याकडचं सगळ्यात उंच शिखर कळसूबाई, ते १६४६ मीटर. लुक्लाला विमानातून उतरशील तेव्हाच तू २८०० मीटरच्या वर असशील. साडेपाच हजारांवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्मा होतो, म्हणजे तेवढ्याच श्वासात प्राणवायूही निम्माच मिळतो. शरीर याला सरावतं. श्वास खोल आणि जलद होतो, मूत्रपिंडं रक्तातली आम्ल-अल्कलीची बिघडलेली घडी बसवू लागतात, पुढे तांबड्या पेशी वाढतात. पण हे सगळं दिवसांच्या हिशेबाने होतं आणि व्यायाम करून ते लवकर करून घेता येत नाही. उलट धडधाकट पोरंच जास्त अडचणीत येतात, कारण पाय साथ देतात म्हणून ती भराभर वर जातात. उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेत बेसिक कोर्स करताना आमच्या रोपमधला, म्हणजे आमच्या तुकडीतला, सगळ्यात दणकट मुलगा डोकरानी बामक हिमनदीवर पहिल्याच रात्री ओकून ओकून बेजार झाला होता. सकाळी त्याला खाली न्यावं लागलं. खाली गेल्यावर संध्याकाळपर्यंत हसत जेवला.

वाढवलेले दिवस लॉजमध्ये पांघरुणात काढायचे नाहीत. दिंगबोचेच्या डोक्यावरच्या नागार्जुन टेकडीवर जा, पाच हजारांच्या वर थोडी थांब आणि खाली येऊन झोप. छुकुंगहून छुकुंग री साडेपाच हजारांच्या आसपास आहे. तिथून ल्होत्सेची दक्षिण भिंत आणि तुझं शिखर दोन्ही समोर दिसतात. दिंगबोचेहून मधली डोंगरधार ओलांडून फेरिचेलाही जाऊन ये. तिथे हिमालयन रेस्क्यू असोसिएशनचा दवाखाना १९७३ पासून चालतो आणि हंगामात डॉक्टर रोज दुपारी उंचीच्या आजारांबद्दल बोलतात. ते ऐकच.

डायमॉक्सचं, म्हणजे उंचीच्या त्रासावरच्या गोळीचं, आपल्या डॉक्टरांना विचारून ठरव. सल्फाच्या औषधांची अ‍ॅलर्जी असेल तर आधी सांगायचं. गोळी चालू आहे म्हणून दिवस मात्र कमी करता येत नाहीत. जाण्याआधी हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) तपासून घे. लोह कमी असेल तर वर फार त्रास होतो, आणि ते भरून यायला महिने लागतात, म्हणून याच आठवड्यात.

डोकं दुखलं, जेवण जाईना, झोप उडाली तर लगेच गाइडला सांग. ग्रुपमधल्या कुणाला काय वाटेल याचा विचार करू नकोस. एका पायाच्या टाचेला दुसऱ्या पायाचा अंगठा लावत सरळ रेषेत चालता येईना, किंवा बसल्या जागी धाप लागली, तर रात्र असो वा पहाट, खाली उतरायचं. माथा समोर दिसत असला तरीही. किती वाजता मागे फिरायचं ते आदल्या दिवशीच गाइडशी बोलून ठरव आणि ग्रुपमधल्या सगळ्यांना सांगून ठेव.

शेवटच्या रात्रीचा चढ जवळजवळ ११०० मीटरचा आणि मग तेवढंच उतरून बहुतेक त्याच दिवशी छुकुंगपर्यंत जायचं. म्हणून पुढच्या पौर्णिमेची वाट न बघता काळोखातच कात्रज ते सिंहगड कर, हेडटॉर्चवर, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा चाल. थकलेल्या पायांनी उतरायचा सराव कर. मांड्या उतरताना संपतात.

माथ्याखाली बर्फाची उभी भिंत आहे, तिथे फिक्स रोपवर, म्हणजे आधीच बांधून ठेवलेल्या दोरावर, जुमार (फक्त वर सरकणारी पकड) लावून चढायचं. एक गोष्ट हातात बसवून घे. दोर जिथे खुंटीला बांधलेला असेल तिथे आधी सेफ्टीचा कॅराबिनर (उघडझाप होणारी कडी) गाठीच्या पुढच्या दोरात अडकवायचा, तो बंद झाला का ते बघायचं, मगच जुमार काढून पुढे लावायचा. एका क्षणालाही दोन्ही सुटे नसावेत. उतरतानाही तसंच, फिगर ऑफ एट (दोरावरून उतरायची आठच्या आकाराची कडी) लावून होईपर्यंत सेफ्टी काढायची नाही. हे उघड्या हातांनी कुणालाही जमतं. जाड हातमोजे घालून, अंधारात, बोटं बधिर असताना जमलं पाहिजे. तू घरी येशील तेव्हा मागच्या आंब्याला दोर बांधून ठेवतो, मधे दोन गाठी मारून. डोळे मिटून जमेपर्यंत करू.

बूट आणि क्रॅम्पॉन (बुटाखाली लावायचे लोखंडी काटे) छुकुंगला भाड्याने मिळतात, पण घ्यायच्या आधी दोन मोजे घालून बूट पायात चढव, क्रॅम्पॉन लाव आणि पाय जोरात झटक. ढिला वाटला तर दुसरा माग. पाण्याची बाटली सॅकमध्ये उलटी ठेव, म्हणजे बर्फ बुडाकडे धरतो आणि तोंड मोकळं राहतं. आई राजगिऱ्याचे लाडू देणार आहे. चिक्की नेऊ नकोस, थंडीत ती दातांनी तुटत नाही. पाळीच्या तारखांचं आईशी बोलून घे.

तू दिवस कमी का केलेस ते आईने मला सांगितलं. दिवाळीच्या आत घरी पोचायचं म्हणून. मुक्ता, दिवाळी चुकली तर चुकू दे. तू येशील त्या दिवशी आम्ही फराळ करू, आकाशकंदील तोवर काढणार नाही. आई हे स्वतःहून म्हणाली. ऑफिसची रजा वाढत नसेल तर बिनपगारी घे. लॉजचा आणि गाइडचा वाढीव खर्च माझ्याकडून. लुक्लाची विमानं ढगांमुळे अडकतात, तेव्हा परतीचं काठमांडूचं तिकीटही लगेचच्या दिवसाचं काढू नकोस.

विम्याचा कागद मला पाठव. हेलिकॉप्टरने खाली आणायचा खर्च किती उंचीपर्यंत धरलाय ते बघायचंय. ६००० मीटरच्या वरचं लिहिलेलं नसेल तर दुसरी पॉलिसी शोधू. पासपोर्ट जवळ ठेव, विमानाने जाताना आधार कार्ड चालत नाही. एजन्सीशी बोलणं झालं की नव्या तारखा कळव, म्हणजे मी त्याप्रमाणे नकाशावर मुक्काम मांडून ठेवतो.

तुझे,
बाबा