दोघांचा स्वयंपाक

ती. आई-बाबांना,
सा. न.

बाबांनी खर्चाच्या वहीचे फोटो पाठवले, ते मी सावकाश वाचले. त्यानंतर आई फोनवर म्हणाली, "आता दूध आणि फळं कमी करते, तेवढेच पैसे वाचतील." मी काही बोलायला गेले तर तिने विषय बदलला. म्हणून हे पत्र.

आई, दूध, डाळ, फळं यांना हात लावू नकोस. पैसे वाचवायला वहीत दुसऱ्या जागा आहेत, त्या मी खाली लिहिते. वय वाढलं की भूक मंदावते आणि दोन घास कमी खाऊन भागतं, हे खरं. पण त्या कमी घासांत प्रथिनं मात्र पूर्वीपेक्षा जास्त लागतात. तरुणपणी वजनाच्या किलोमागे रोज साधारण ०.८ ग्रॅम पुरतात असं धरतात, पासष्टीनंतर १ ते १.२ ग्रॅम घ्यावीत असं तज्ज्ञ सांगतात. तुझं वजन ५५ किलो धरलं तर रोज ५५ ते ६६ ग्रॅम. चहा-बिस्किटावर सकाळ काढायची आणि रात्री "मला भूकच नाही" म्हणून अर्धी वाटी भातावर उठायचं, यात एवढं कसं होणार? स्नायू हळूहळू झिजतात. खुर्चीतून उठताना हाताचा आधार लागायला लागतो आणि आपण ते वयावर ढकलतो.

आणि ही प्रथिनं महागच मिळतात असं नाही. वाळलेल्या कडधान्यांत १०० ग्रॅममागे २० ते २५ ग्रॅम प्रथिनं असतात. प्रथिनं ज्या घटकांची बनतात त्यांपैकी धान्यात जे लायसिन कमी पडतं ते डाळीत भरपूर असतं, डाळीत जे मिथिओनिन कमी ते धान्यात मिळतं, म्हणून दोन्ही जेवणात असली की काम होतं. सगळी प्रथिनं एकाच जेवणात न घेता तिन्ही वेळा थोडी थोडी घ्या. सकाळी नुसत्या बिस्किटांऐवजी दूध, दही किंवा अंडं घेतलंत तरी मोठा फरक पडेल. दूध सुटू नये असं मी म्हणते त्याला आणखी एक कारण आहे. बी-१२ हे जीवनसत्त्व भाज्या-धान्यांतून मिळत नाही, आणि म्हातारपणी पोटात ते शोषलंही कमी जातं.

मग कमी कुठे करायचं? बाबा, वहीतली पुड्यांची ओळ बघा. बिस्किटं, तळलेले पुडे, बाटलीतली सरबतं अशा सुट्या सुट्या नोंदी आहेत, म्हणून डोळ्यांत भरत नाहीत. मी बेरीज केली तर ती फळांच्या खर्चाच्या वर गेली. मीठही त्यातूनच जास्त जातं. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे सपाट चहाचा चमचाभरही नाही, आणि बाबांना रक्तदाबाची गोळी चालू आहे.

दुसरी जागा वहीत दिसत नाही, ती फ्रीजमध्ये आहे. मागच्या वेळी आले तेव्हा मी खालचा कप्पा साफ केला. झाकलेल्या वाट्या एकीमागे एक, कशात काय आणि कधीचं ते आईलाही सांगता येईना. पालेभाजीची जुडी पिशवीतच काळी पडलेली, तिला पाणी सुटलेलं. तुम्ही दोघंच आहात, पण बाजार आणि पातेली अजून सगळ्यांच्या मापाची आहेत. ही काही फक्त आपल्याच घरची गोष्ट नाही. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या अंदाजाने २०२२ साली जगात घरांमधून माणशी ७९ किलो अन्न वाया गेलं. बाबा, दोन जुड्या स्वस्तात मिळाल्या आणि एक टाकून दिली, तर स्वस्त काय पडलं? भाव किलोचा बघू नका, ताटात किती पोहोचतं त्याचा बघा.

म्हणून बाजाराला जाण्याआधी फ्रीज उघडून काय संपवायचं ते आधी लिहा आणि त्यावरून आठवडा मांडा. आठवडा मांडताना सात दिवस भरू नका, पाचच भरा. एक दिवस उरलेलं संपवायला आणि एक दिवस कोणी आलं, कंटाळा आला, काही खावंसं वाटलं तर मोकळा ठेवा. पूर्ण भरलेला तक्ता दोन दिवसांत मोडतो आणि मग कोणी त्याच्याकडे बघत नाही. पालेभाज्या, कोवळ्या भाज्या पहिल्या दोन-तीन दिवसांत, कोबी-गाजर-भोपळा नंतर. पिकलेली केळी आणि सफरचंदं पालेभाजीजवळ ठेवू नका, त्यांच्यातून निघणाऱ्या वायूने पानं लवकर पिवळी पडतात.

तुमच्या दिवसाप्रमाणे तक्ता ठरवा. दवाखान्याच्या दिवशी दमून येता आणि मग पुडा फोडता, तर त्या दिवसाचं आदल्या दिवशीच करून ठेवा. आईला सकाळी हुरूप असतो आणि संध्याकाळी गुडघे दुखतात, तर मोठा स्वयंपाक दुपारचाच असू दे. कडधान्य एकदाच जास्त भिजवून शिजवा. थोडं त्या दिवशी रस्स्यात, थोडं दुसऱ्या दिवशी कांदा-लिंबू घालून, उरलेलं छोट्या डब्यांत फ्रीझरला. लिंबू विसरू नका, त्यातल्या क जीवनसत्त्वामुळे डाळी-पाल्यातलं लोह अंगी लागतं. जेवणाला लागूनच चहा घेतला तर उलट होतं, तो तासभर मागे ढकला.

आणि बाबा, भाजी निवडणं, चिरणं आणि तक्ता लिहिणं हे तुमच्याकडे घ्या. आईचं ओट्याशी उभं राहणं कुठल्याच वहीत लिहिलं जात नाही, पण तोही खर्चच आहे. मला तो सगळ्यात मोठा वाटतो.

शिजवून ठेवायचं तर एवढं सांभाळा. शिजलेलं अन्न बाहेर दोन तासांपेक्षा जास्त राहू देऊ नका. मोठ्या पातेल्यात ते आतून गरमच राहतं, म्हणून उथळ डब्यांत काढा. फ्रीज ५ अंशांच्या खाली हवा. डब्यावर तारीख लिहा, तीन-चार दिवसांत संपवा, आणि गरम करताना वाफ येईपर्यंत करा. भाताला जास्त जपा. त्यात राहणारे काही जंतू शिजवूनही मरत नाहीत, भात बाहेर राहिला तर विष तयार करतात आणि ते पुन्हा गरम करून जात नाही. आई, रात्रभर ओट्यावर राहिलेला भात "टाकायचा कसा" म्हणून सकाळी तू एकटी खातेस, हे मला माहीत आहे. आता ते बंद कर. बाबांना ताजं आणि स्वतःला शिळं, ही वाटणीही बंद कर. लावतानाच दोघांपुरता लाव.

प्रथिनांचं मी वर लिहिलं ते मूत्रपिंडं ठीक असतील तर. आईची तपासणी स्वच्छ आली आहे, तिने आजपासून सुरू करावं. बाबांच्या रक्ताचा रिपोर्ट यायचा आहे. तो आला की लगेच मला पाठवा आणि डॉक्टरांना डाळी-दुधाचं प्रमाण विचारूनच तुमच्या ताटाचं ठरवा. पहिला तक्ता रविवारी फोनवर मिळून करू. तेव्हा वही आणि फ्रीजमध्ये काय आहे त्याची यादी जवळ घेऊन बसा.

तुमची,
लेक